नऊ वर्षांचा मुलगा, वजन ४२ किलो: उतरवायचं किती, थांबवायचं कसं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगा ९ वर्षांचा, उंची १३८ सेंमी, वजन ४२ किलो. शाळेतल्या तपासणीत ‘वजन जास्त’ असा शेरा मिळाला. तुम्ही थायरॉइड तपासून घेतलंत, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ६.८ आला, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल. घरातली मोठी माणसं म्हणतात, उंची वाढली की आपोआप उतरेल. तुम्ही मात्र आठ किलो कमी करायचं ठरवून त्याचं रात्रीचं जेवण निम्मं केलंय आणि तेव्हापासून रोज रडारड चालू आहे. धाकटी ४ वर्षांची, १०२ सेंमी, १६ किलो. ती ‘काहीच खात नाही’, म्हणून मोबाइल लावून भरवावं लागतं. तुम्हाला हवंय ते डाएट, औषध असेल तर औषध, आणि जिमला घालावं का याचं उत्तर.

डाएटकडे येतोच. पण आधी दोन गोष्टी. एक, आठ किलो हा आकडाच डोक्यातून काढा. दुसरी, धाकटीची काळजी तुम्ही उलट्या बाजूने करताय. मला विचाराल तर या घरात जास्त घाई तिच्याबाबतीत आहे, तेव्हा खालचा तिच्याबद्दलचा भाग वगळू नका.

मुलाचा बीएमआय काढू, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागू. ४२ भागिले १.३८ चा वर्ग, म्हणजे २२. मोठ्या माणसाचा २२ आला तर आपण शाबासकी देतो, आणि पालक इथेच फसतात. मुलांमध्ये हाच आकडा वयाप्रमाणे वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात ९ वर्षांच्या मुलाचा मधला बीएमआय १६ आहे, १७.९ च्या वर ‘जास्त वजन’ आणि २०.५ च्या वर ‘लठ्ठपणा’. म्हणजे शाळेने लिहिलं त्याहून तो एक पायरी पुढे आहे. दुसरा एखादा तक्ता घेतला तर तो कदाचित अलीकडच्या गटात बसेल, पण त्याने करायच्या गोष्टी बदलत नाहीत. (लठ्ठपणा हा शब्द मी इथे वैद्यकीय अर्थाने वापरतोय. त्याच्यासमोर वापरायचा नाही.)

आता आठ किलोंचं. १३८ सेंमी उंचीला १७.९ बीएमआय हवा तर वजन ३४ किलो लागेल, तुमचा आकडा तिथूनच आला असणार. पण हा हिशेब उंची गोठवून केलेला आहे, आणि मुलगा काही गोठलेला नाही. या वयात वर्षाला ५ ते ६ सेंमी उंची वाढते. समजा दोन वर्षं वजन ४२ वरच राहिलं. दहाव्या वर्षी उंची १४३.५ धरली तर बीएमआय २०.४, अकराव्या वर्षी १४९ धरली तर १८.९. अकराव्या वर्षी ‘जास्त वजन’ची रेषा १९.२ ला असते. म्हणजे एक किलोही न उतरवता मुलगा नॉर्मलमध्ये आला.

इतकं काटेकोर प्रत्यक्षात जमत नाही, म्हणून वर्षाला एक किलो वाढ धरू. दहाव्या वर्षी ४३ किलो, बीएमआय २०.९. अकराव्या वर्षी ४४ किलो, १९.८. लठ्ठपणाच्या रेषा त्या वयांना २१.४ आणि २२.५ आहेत, म्हणजे पहिल्याच वर्षात तो त्या गटातून बाहेर पडतो. हाच मुलगा समजा वर्षाला सहा किलो वाढत गेला तर अकराव्या वर्षी ५४ किलो आणि बीएमआय २४.३. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे ते असं: उंची मदत करते, पण वजन थांबलं तरच.

वर्षाला सहा किलो आणि एक किलो यातला फरक पाच किलोंचा. रोजच्या खाण्यात तो ढोबळमानाने १०० ते २०० कॅलरींच्या आसपास जातो. २०० मिली गोड पेयात साधारण ८५ कॅलरी असतात, तीन-चार गोड बिस्किटांत १०० च्या पुढे. एवढ्यासाठी जेवण निम्मं करायची गरजच नव्हती. उलट निम्म्या जेवणाने नुकसान होतं. रात्रीच्या जेवणातली प्रथिनं आणि भाज्या जातात, नऊ-दहा वाजता कडकडीत भूक लागते, मग फ्रिज किंवा डबा चोरून उघडला जातो. काही महिन्यांत मूल लपून खायला शिकतं. लपून खाण्याची सवय मोडणं वजन थांबवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आजपासून त्याचं जेवण पूर्ववत करा.

हे ‘वजन थांबवा’ सगळ्यांना लागू नाही. पुढे किती उंची वाढायची बाकी आहे यावर सगळं अवलंबून आहे. पाळी सुरू झालेल्या मुलीची बहुधा पाच-सात सेंमीच उंची उरलेली असते, तिथे थोडं उतरवावंच लागतं. बीएमआय फारच वरचा असेल किंवा आधीच मधुमेह, यकृताचा त्रास असेल तरी उतरवावं लागतं. तेव्हाही ६ ते ११ वयात महिन्याला अर्धा किलो ही कमाल मर्यादा धरा. त्याहून भराभर उतरलं तर शाबासकी देण्याऐवजी मूल उपाशी राहतंय का, ओकून टाकतंय का हे बघावं लागतं.

थायरॉइडबद्दल. ९ वर्षांच्या मुलाची मधली उंची १३२.६ सेंमी. तुमचा मुलगा १३८, म्हणजे चांगला उंच. जास्त खाण्याने आलेल्या लठ्ठपणात मुलं वयापेक्षा उंच दिसतात. थायरॉइड कमी पडणं, वाढीचं संप्रेरक कमी असणं, शरीरात स्टिरॉइड जास्त तयार होणं, या सगळ्यांत उंची खुंटते. म्हणून जाड आणि बुटकं मूल आलं की मी संप्रेरकांच्या तपासण्या मागतो. जाड आणि उंच आलं तर बहुतेकदा नाही. ५ ते १० मधला टीएसएच, टी-फोर नॉर्मल, हे लठ्ठ मुलांत नेहमी दिसतं आणि तो वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे. वजन आटोक्यात आलं की तो बहुधा आपोआप खाली येतो. त्यासाठी गोळी सुरू करून वजन उतरत नाही. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत थायरॉइडच्या अँटीबॉडी बघा. गळ्यापुढे सूज असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तर प्रश्न वेगळा.

जनुकीय कारणं खरी असतात पण विरळा. पाच वर्षांच्या आतच प्रचंड वजन आणि न शमणारी भूक, किंवा लठ्ठपणासोबत विकास मागे, अशा मुलांसाठी तो विचार राखून ठेवा. त्याआधी औषधांची यादी तपासा. दीर्घकाळ स्टिरॉइड, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, वर्तनासाठीचं रिस्पेरिडोन यांनी वजन वाढतं. मात्र ही औषधं मनाने बंद करायची नसतात.

कोणत्या तपासण्या लागतील? रक्तदाब नक्की, आणि दंडाला पुरेल एवढ्या मोठ्या पट्ट्याने. लहान पट्ट्याने आकडा उगीच वर येतो. उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि यकृताचं एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर). एएलटीच्या कागदावर प्रयोगशाळा बहुधा ४० च्या आसपासची वरची मर्यादा छापतात, ती मोठ्या माणसांची असते. मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ च्या वरच लक्ष ठेवायचं. याच्या दुप्पट आकडा तीन महिन्यांनंतरही टिकला तर यकृताच्या चरबीचा नीट शोध घ्यायचा. उपाशीपोटीचं इन्सुलिन मागू नका. ते चढलेलं येणारच आणि त्याने उपचार बदलत नाहीत.

रक्त काढण्याआधी मुलाची मान बघा. मागच्या बाजूला, घड्यांत मखमलीसारखी काळसर जाड कातडी दिसली तर तो मळ नव्हे. घासून ती जात नाही, उलट सोलवटते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय याची ती खूण आहे, आणि त्या पोरांना आंघोळ करत नाही म्हणून उगाच बोलणी बसतात. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्ये श्वास थांबणं, डोकेदुखीसोबत अंधूक दिसणं, फार तहान आणि पुन्हा सुरू झालेलं अंथरुणात लघवी होणं, यांपैकी काही असेल तर वाट बघायची नाही. लंगडणं किंवा गुडघा दुखणं हेही तसंच. जड मुलांत खुब्याचं हाड वाढीच्या कूर्चेपाशी सरकू शकतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि आठवडे वाया जातात. अशा वेळी त्याला चालवू नका, त्याच दिवशी खुबा तपासून घ्या.

आता घरात काय करायचं. ‘त्याचं डाएट’ असा शब्द घरात आला की अर्धी लढाई हरलो असं समजा. एका मुलासाठी वेगळं ताट, बाकीच्यांसाठी नेहमीचं, हे मी टिकलेलं पाहिलेलं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टीन यांनी पालक आणि मूल दोघांच्या सवयी एकत्र बदलण्याची पद्धत राबवली. १९९० मध्ये त्यांनी दहा वर्षांनंतरचे निकाल मांडले तेव्हा ज्या गटात पालकही सामील होते ती मुलं इतरांपेक्षा चांगल्या स्थितीत होती. माझा रोजचा अनुभव त्याला धरूनच आहे. जे नको ते घरात येऊच द्यायचं नाही, कुणासाठीच. घरात आणून कुलूप लावणं सगळ्यात वाईट.

सगळं एकदम बदलू नका. दोन-तीन आठवड्यांना एक गोष्ट. क्रम मी असा लावतो.

पहिली पेयं. प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. साखरेचं पेय पिऊन मूल पुढच्या जेवणात तेवढं कमी खात नाही, म्हणून ती सगळी वरकड ठरते. ३३० मिलीच्या कोल्याच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. आणि २ ते १८ वयासाठी वरून घातलेल्या साखरेची अमेरिकन हार्ट असोसिएशनची दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅम. फळांचा रस, ताजा असला तरी, मी याच हिशेबात धरतो. चावून खाल्लेलं फळ वेगळं. ‘वाढीसाठी’ म्हणून दुधात मिसळायच्या भुकट्या डब्यामागचं वाचून मगच घ्या. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज ही सगळी साखरेचीच भावंडं आहेत, आणि आकडा ‘एका वाढणी’चा न बघता १०० ग्रॅमचा बघा. घरात दोनच पेयं ठेवा, पाणी आणि साधं दूध. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. एकदम तोडणं जड गेलं तर दुधातली साखर दर चार दिवसांनी पाव चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात रुळते. निम्म्या घरांत वजनाची चाल एवढ्यानेच मंदावते, असं मी म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण सुरुवात इथून केली की फळ लवकर दिसतं हे नक्की.

दुसरी गोष्ट शाळेतून आल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ. खरा घोळ जेवणात नसून बहुधा या तीन-चार तासांत असतो. सकाळी धावपळीत न्याहारी बुडते, दुपारचा डबा अर्धा परत येतो, आणि मूल चार वाजता भुकेने कावलेलं घरी शिरतं. त्या क्षणी हाताला जे लागेल ते पोटात जातं, बहुधा पाकिटातलं. म्हणून तो दार उघडेल तेव्हा टेबलावर खाणं तयार पाहिजे: कापलेलं फळ आणि सोबत प्रथिनांचं काहीतरी, अंडं, दही, उकडलेली कडधान्यं किंवा मूठभर दाणे. बसून, एका बशीत, एकदाच. न कापलेलं फळ परडीत पडून राहतं, कापलेलं संपतं. इतकी साधी गोष्ट आहे. सकाळच्या न्याहारीतही प्रथिनं आणा, म्हणजे संध्याकाळची लाट अर्धी ओसरते. त्या वेळी घरी कोण असतं हेही बघा. नियम तुम्ही केला आणि चार वाजता घरी आजी-आजोबा किंवा सांभाळणारी व्यक्ती असेल, तर त्यांना बाजूला घेऊन हिशेब समजावून सांगा. ‘लाड करू नका’ म्हणून काही होत नाही. ‘लाड करायचा असेल तर त्याला घेऊन अर्धा तास बाहेर खेळा’ हे जमतं.

मग ताट. निम्मं ताट भाज्यांनी, पाव भाग डाळी, अंडी, मासे, मांस किंवा दुधाच्या पदार्थांनी, पाव भाग धान्याने. धान्य पूर्ण बंद करायचं नाही, त्याची जागा ठरवायची. भांडी टेबलावर न ठेवता ओट्यापाशीच वाढून घ्या. पातेलं समोर असलं की हात आपोआप जातो, मोठ्यांचाही. ताटं जरा लहान घ्या. पहिलं वाढून झालं की दुसऱ्यांदा मागायला १५ मिनिटं थांबायचं, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला तेवढा वेळ लागतो. भाजी मात्र हवी तेव्हा हवी तेवढी. थांबूनही त्याला भूक असेल तर वाढा. तिथे नाही म्हणू नका. काय, कधी आणि कुठे हे पालक ठरवणार, किती हे मूल ठरवणार. ही वाटणी दोन्ही बाजूंनी पाळायची असते. ‘ताट स्वच्छ कर’ हाही तिचा भंगच आहे.

गोडधोड पूर्ण बंद केलेल्या घरांत मुलं बाहेर दुप्पट खातात. आठवड्यातून एकदोनदा, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांनी मिळून, चारचौघांत. बक्षीस म्हणून कधीच नाही. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे.

झोप लोक विसरतात. ६ ते १२ वयाला रात्रीची ९ ते १२ तास झोप लागते. कमी झोपेने भूक वाढते, आणि ती नेमकी गोड-तळकट खाण्याची. मूल दमलेलं असलं की खेळतही नाही. एकदम दोन तास अलीकडे आणलंत तर ते छताकडे बघत पडेल. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, उठायची वेळ सुटीच्या दिवशीही फार हलवू नका. फोन, टॅब, टीव्ही झोपायच्या खोलीतून बाहेर. पडद्यासमोर खाणं बंद, मोठ्यांचंसुद्धा.

हालचाल. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून तीन दिवस जोरकस आणि स्नायू-हाडांना ताण देणारी. तेवढ्याने वजन उतरेल ही अपेक्षा धरू नका. अर्धा तास भरभर चालून त्याच्या जेमतेम ८० कॅलरी जातील, म्हणजे पेयाचा तो एक ग्लास. हालचाल हवी ती इन्सुलिन, रक्तदाब, झोप आणि मन यांसाठी. जड मुलाला ‘पळ’ म्हणणं क्रूर आहे. मांड्या घासतात, धाप लागते, संघ निवडताना तो शेवटी उरतो, आणि मग त्याला खेळच नको वाटतो. पोहणं, सायकल, चेंडू पास करायचे खेळ, चढ चालणं यांनी सुरुवात करा, १५ मिनिटांनी, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जोर लागेल असं काहीही अशा मुलांना इतरांपेक्षा चांगलं जमतं: ओढणं, ढकलणं, वजन उचलून नेणं. तिथे तो पहिला येतो आणि त्याला ते कळतं. जिमची गरज नाही. पण स्वतःच्या वजनाचे किंवा हलक्या वजनाचे व्यायाम जाणकारासमोर केले तर उंची खुंटते ही भीती खरी नाही.

इथवरचं थोडक्यात: पेयं, शाळेनंतरचा वेळ, ताट, झोप, हालचाल. या क्रमाने, एकेक, सगळ्या घराने.

बोलायचं कसं हेही सांगतो, कारण उत्तम चाललेलं काम एका वाक्याने बिघडतं. वजनावर बोलायचं नाही, सवयीवर बोलायचं. त्याच्यासमोर काटा, ‘पोट बघ’, नातेवाइकांसमोर चेष्टा, तुमची स्वतःच्या जाडीबद्दलची कुरकुर, सगळं बंद. तो कधीतरी विचारेल, ‘मी जाड आहे का?’ तेव्हा ‘नाही रे, कोण म्हणतं’ असं खोटं बोलू नका, त्याला वर्गात उत्तर मिळालेलंच आहे. आधी विचारा, ‘कुणी काही म्हणालं का?’ ऐकून घ्या. मग म्हणा, ‘तुझं शरीर वाढतंय आणि ते दणकट व्हावं म्हणून आपण सगळेच घरात थोडं बदलतोय. त्यात तुझी काही चूक नाही.’ चिडवणं चालू असेल तर शाळेशी बोलणं हा उपचाराचाच भाग धरा. चिडवलेलं मूल जास्त खातं, कमी नाही. गादीखाली पाकिटं सापडली तरी रागावू नका. तो बहुतेकदा तुमचा नियम फार कडक असल्याचा पुरावा असतो. चार वाजताचं खाणं वाढवा.

आता धाकटी. १६ किलो, १०२ सेंमी, बीएमआय १५.४. चार वर्षांच्या मुलीचा मधला बीएमआय १५.३ असतो. म्हणजे ती अगदी बरोबर मधोमध आहे. साधारण एक वर्षानंतर बीएमआय उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमाराला सगळ्यात खाली येतो आणि मग पुन्हा चढू लागतो. या वयात बरगड्या दिसणारच, गाल जाणारच. भूकही कमी होते, कारण वर्षाला दोनच किलो वाढायचं असतं. ही चढण पाच वर्षांच्या आतच सुरू झाली तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. मोबाइल लावून भरवल्याने नेमकं हे होतं. पोट भरलंय हे तिचं तिला कळत असतं, आणि आपण ते कळणं रोज थोडं थोडं पुसत जातो. भावाच्या बाबतीतही हेच झालं होतं का, जरा आठवून बघा.

तिच्यासाठी ढोबळ माप: प्रत्येक पदार्थाचे वयाइतके मोठे चमचे, म्हणजे चार. कमी वाढा, मागितलं तर आणखी द्या. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, मध्ये अडीच-तीन तास पाण्याखेरीज काही नाही. जेवण २०-२५ मिनिटांत आवरायचं, खाल्लं नाही तर ताट उचलायचं, न रागावता, आणि पुढच्या वेळेपर्यंत बिस्किटाने भरपाई करायची नाही. इथेच बहुतेक पालक तिसऱ्या दिवशी माघार घेतात. पहिला आठवडा ती खरंच कमी खाईल. निरोगी, रेषेवर वाढणारं मूल त्याने आजारी पडत नाही. नवीन भाजी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तीन वेळा नाकारली म्हणजे आवडत नाही असं ठरत नाही. बाटली अजून चालू असेल तर बंद. दूध तेच ४००-५०० मिली. त्याहून जास्त दुधाने जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडतं. फळांचा रस दिलाच तर १२० मिलीच्या आत. पडदा दिवसाला तासाच्या आत, झोप दुपारची धरून १० ते १३ तास, दिवसभरात तीन तास धुडगूस.

मोजमाप. वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी लघवीनंतर, हलक्या कपड्यांत. उंची तीन महिन्यांतून एकदा. अनवाणी, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात टेकवून खूण. एका सेंमीची चूक त्याच्या बीएमआयमध्ये ०.३ चा फरक पाडते, म्हणून दोनदा मोजा. आकडे वहीत तुमच्याकडे राहू द्या, फ्रिजवर चिकटवू नका. तीन महिन्यांत वजन अर्धा किलो वाढलं आणि उंची दीड सेंमी वाढली तर ते यश आहे. त्याच क्षणी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सगळं सोडून दिलेले पालक मला कितीतरी भेटतात. लांब सुटीत वजन उसळतं, कारण दिवसाची घडी मोडते. सुटी लागायच्या आधी उठण्याची, खाण्याची आणि खेळण्याची वेळ ठरवून ठेवा.

औषधाबद्दल तुम्ही विचारलंत. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, ऑर्लिस्टॅट ही साधारणपणे १२ वर्षांनंतर विचारात घ्यायची, तीही सवयींच्या कामासोबत. शस्त्रक्रियेचा विचार १३ च्या पुढे, अतितीव्र लठ्ठपणात. तुमच्या मुलाला आज यातलं काहीच लागत नाही. ‘चरबी जाळणारी’ किंवा ‘भूक मारणारी’ पावडर कुणी सुचवली तर देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना शाळेतल्या किंवा लसीकरणाच्या नोंदींतली जुनी उंची-वजनं सोबत न्या, जितकी मिळतील तितकी. कोणत्या वयात रेषा वर वळली हे त्यावरून दिसतं, आणि त्या सुमाराला घरात काय बदललं होतं हे विचारता येतं. आई-वडिलांची उंची, घरात मधुमेह कुणाला आणि कितव्या वर्षी झाला, मुलाला चालू असलेली औषधं, आणि एका शाळेच्या दिवसाचं व एका सुटीच्या दिवसाचं खाणं-पिणं वेळेसकट लिहून न्या. खाडाखोड न करता, जसं झालं तसं.